पहिल्या ओळीतली अक्का

अंबरपेठ, हैदराबाद
१५ जानेवारी २०२४

अक्का,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. तिळाच्या वड्या टपालानं पाठवल्यात. टपालातल्या माणसानं पुडक्यावर शिक्का इतका जोरात मारला की आत भुगाच झाला असणार. मी त्याला काही बोललो नाही. मला बोलता कुठं येतं? त्याच दुखण्याबद्दल हे पत्र आहे.

आधी सांग, तू फोन का उचलत नाहीस? या आठवड्यात चारदा लावला. एकदा निशिगंधानं उचलला आणि म्हणाली, "मामा, आत्याबाई देवपूजेत आहेत." दुपारी तीन वाजता कुठली देवपूजा असते? तुझी सून चांगली आहे, पण खोटं बोलता येत नाही तिला.

तुझ्या युवराजचा मात्र फोन आला. अक्षय्य तृतीयेला तुझं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय म्हणे. वर म्हणतो, "मामा, तुम्ही आईचे एकुलते एक भाऊ. मांडवात चार शब्द तुम्हीच बोलायचे." मी घाईत हो म्हणून बसलो. मग फोन ठेवला. बीपीची गोळी सकाळी घेतली होती की नाही तेही आठवेना, म्हणून आणखी एक घेतली, मग दोन झाल्या असतील म्हणून संध्याकाळपर्यंत घाबरत बसलो.

बेगम बाजारात एकेचाळीस वर्षं मापाड्याचं काम केलं मी. धान्याचं माप भरायचं आणि ओरडून मोजायचं. माझा आवाज तीन दुकानं पलीकडं जायचा. पण ते मोजणं झालं. बोलणं वेगळं.

माझी काळजी बघून तन्वी म्हणाली, "आबा, टेन्शन नक्को. बरकतपुऱ्यात मराठी स्पीकिंग क्लब आहे, दर संडेला. मी पण जॉइन होते. माझं मराठी पण इम्प्रूव्ह होईल." नातीच्या स्कूटरवर मागं बसून गेलो. पंचाहत्तरी उलटल्यावर पुन्हा शाळा.

तिथं पंचवीसेक माणसं असतात. निम्मी इथली, निम्मी पुण्या-मुंबईहून कंप्युटरच्या नोकरीला आलेली. अनिल म्हणून पुण्याचे एक गृहस्थ प्रमुख आहेत. एक जण घड्याळ लावून बसतो. वेळ संपत आली की हिरवं कार्ड, मग पिवळं, मग लाल. शोभाबाई म्हणून एक आहेत, त्यांच्यापुढं स्टीलचा पेला आणि चमचा. बोलता बोलता 'अं' निघालं, 'म्हणजे' निघालं, की पेल्यावर टण. नंतर आकडा वाचून दाखवतात. तन्वी सहा वेळा वाजली. मी दोन मिनिटांत अडतीस.

अन् त्याहून वाईट म्हणजे मी पहिलं वाक्य बोललो आणि दुसरं गेलं. सगळे माझ्याकडं बघताहेत. माझा हात माप उचलल्यासारखा आपोआप वर गेला आणि तोंडातून निघालं, "लाभ... दोन... तीन..." मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, हे त्या पुण्याच्या लोकांना काय माहीत. त्यांना वाटलं ही भाषणाची काही नवी तऱ्हा आहे. टाळ्या वाजवल्या. अनिलराव म्हणाले, "काका, सुरुवात छान होती, पण पुढे विषय आलाच नाही."

घरी येईपर्यंत तन्वी हसत होती. मला रडू येत होतं.

फोन उचल.

तुझा,
अंबाजी


उदगीर
२ फेब्रुवारी २०२४

अंबाजी,

सुखी राहा. वड्या अख्ख्या आल्या. त्या टपालवाल्याला उगाच दोष दिलास.

मला मोबाइल आवडत नाही. कानाला तापतो, आणि आत कोण काय खुसफुसतं कळत नाही. तू पत्रच लिही. अक्षर मोठं काढ.

ते सहस्रचंद्र कोणी मोजलेत? मला तर अमावस्याच जास्त आठवतात. पण युवराजनं सोवळ्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळं ठरवलंय. त्याच्यापुढं माझं चालत नाही.

तुझं मात्र ऐकून घे. तू बोलू नको. मांडवात बस, पुरणपोळी खा, चार दिवस राहा आणि जा. या वयात लोकांपुढं उभा राहणार, गोंधळणार. मला ते बघायचं नाही. युवराज दुसऱ्या कोणाला तरी सांगेल.

त्या पेलेवाल्या बाईला विचार, घरी नवऱ्यालाही चमचा वाजवतेस का? तसं असेल तर तिचं घर फार शांत असणार.

क्लबातलं आणखी लिही. वाचायला बरं वाटतं.

तुझी,
अक्का


अंबरपेठ
१२ फेब्रुवारी २०२४

अक्का,

"मला ते बघायचं नाही." तुझं हे वाक्य मी दहादा वाचलं. जेवण गेलं नाही. सून योगिनी विचारत होती, भाजी बिघडली का. तिला काय सांगू?

तू हे आज लिहिलंस, पण बघायचं तू त्रेसष्ट वर्षांपूर्वीच सोडलंस. मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारतो.

साठ सालचा पंधरा ऑगस्ट. मी सातवीत, तू सतराची. गुरुजींनी माझं नाव भाषणाला दिलं होतं. पंधरा दिवस तू मला चुलीपुढं बसवून भाषण पाठ करून घेतलंस. भाकरी थापता थापता एक वाक्य तू म्हणायचीस, एक मी. चुकलो की पिठाच्या हातानं टपली. त्या दिवशी तू बायकांत पहिल्या ओळीत बसली होतीस. मी चार वाक्यं नीट बोललो. पाचव्याला तुझ्याकडं पाहिलं, तर तू उठलीस. पाठ फिरवलीस आणि चालती झालीस. माझ्या डोक्यातलं सगळं पुसून गेलं. पोरं हसायला लागली. मी चौथऱ्यावरून उडी मारून पळालो तो पुन्हा त्या शाळेत पाऊल ठेवलं नाही. बापूंनी मारून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं. शेवटी चुलत्याकडं हैदराबादला धाडलं आणि माझ्या हातात माप आलं.

तुला माझी लाज वाटली, म्हणून उठलीस. हेच ना? आणि आता पुन्हा वाटेल, म्हणून आधीच सांगतेस.

क्लबाचं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. अनिलरावांना माझे हात आवडत नाहीत. "काका, हात शांत ठेवा," म्हणतात. हात मागं बांधले तर माझी जीभही बांधली जाते. दुसरं म्हणतात, "एकाच माणसाकडे बघून बोलू नका. मागच्या भिंतीकडे बघा." मागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. मी ते वाचायला लागलो. एकादशी कधी आहे ते बघितलं, गोळ्या कुठवर पुरतील याचा हिशेब केला, आणि भाषण राहिलं. लाल कार्ड. सव्वीस टण.

तरी मी बोलणार आहे. तुला बघायचं नसेल तर त्या वेळी आत जाऊन बस.

अंबाजी


अंबरपेठ
२० मार्च २०२४

अक्का,

सव्वा महिना झाला, तुझं उत्तर नाही. फोन केला की निशिगंधा तीच देवपूजा सांगते. मी जास्त बोललो असेन. मला बोलता येत नाही तसं लिहिताही येत नसेल. पण तब्येतीचं तरी कळव. रागात असशील तर रागाचं लिही. टपालवाला गल्लीत आला की मी फाटकापाशी जातो, तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

अंबाजी


उदगीर
२ एप्रिल २०२४

अंबाजी,

तब्येत बरी आहे. तुझं पत्र तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं. रोज तांदूळ काढताना दिसायचं आणि रोज मी ते पुन्हा झाकायची.

मी उठले नव्हते रे. मला उठवलं.

पाचवं वाक्य तुला आठवेना, हे मला तुझ्या डोळ्यांवरून कळलं. मी पहिल्या ओळीतून ओठ हलवून तुला वाक्य सांगायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. हेडमास्तर मागून आले. म्हणाले, "पोरी, त्याला सांगतेस काय? चल, हो बाहेर." सगळ्या बायकांपुढं. मी गेले. दाराआड उभी राहिले. तू उडी मारलीस ते मी बघितलं.

मला वाटलं, तुला कळलं की मी पकडली गेले. पोरं तुला चोर म्हणतील म्हणून तू शाळा सोडलीस. माझ्या आगाऊपणामुळं माझा भाऊ शिकला नाही, असं मी धरून चालले. लग्न होऊन उदगीरला आले तेव्हा सासूनं विचारलं, भाऊ काय करतो? मी मापाडी म्हणाले आणि परसात जाऊन रडले. तूही कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, माफ केलं नसणार.

हे झालं एक. आता दुसरं सांगते, ते कोणाला सांगायचं नाही. तन्वीलाही नाही.

मला ऐकू येत नाही. डावा कान कधीचाच गेला होता, उजवा दिवाळीनंतर गेला. निशिगंधाला माहीत आहे. तीच निभावून नेते. म्हणून ती देवपूजा. माणूस समोर बसून हळू बोलला तर ओठांवरून बरंच कळतं. युवराज भरभर बोलतो, त्याला मी नुसती मान डोलावते, आणि तो खूश होतो. त्याला कळलं तर लातूरला नेईल, कानात यंत्र घालेल. गावाला कळलं की म्हातारी बहिरी झाली, की माझ्याशी कोणी बोलणार नाही. माझ्यासमोर बसून माझ्याविषयी बोलतील. ऐकू न येणाऱ्या माझ्या सासूशी लोक असंच वागताना मी पाहिलंय. मीही त्यातच होते.

तू बोलणार, लोक डोळे पुसणार, टाळ्या वाजवणार, आणि मी मधोमध भोपळ्यासारखी बसणार. तुझं एक अक्षर मला मिळणार नाही. मला बघायचं नाही म्हणाले ते हे.

गळ्याची शपथ आहे. बोलू नको.

अक्का


अंबरपेठ
१५ एप्रिल २०२४

अक्का,

मी गाढव आहे. पत्र वाचून दुपारभर तसाच बसून राहिलो. योगिनीनं डॉक्टरला फोन करायला घेतला होता.

शपथ पाळीन. तुझ्या कानांचं कोणाला सांगणार नाही. पण भाषणाला ती शपथ लागू नाही, कारण भाषण मी तुझ्यासाठीच करतोय. सोबत अकरा वाक्यं पाठवतोय. अक्षर मोठं काढलंय, एका ओळीत एकच वाक्य. तू ती पाठ कर. मी त्याच क्रमानं, हळूहळू, तोंड पुरतं उघडून बोलेन. तुला माझे ओठ दिसले की झालं. साठ साली तू माझ्यासाठी ओठ हलवलेस, आता माझी पाळी.

अडचण एकच होती. तुला औक्षणासाठी वर चौरंगावर बसवणार, म्हणजे तुझं तोंड लोकांकडं आणि माझं पण लोकांकडं. मी युवराजला फोनवर सांगितलं, माझं बोलणं होईपर्यंत आईची खुर्ची खाली, पहिल्या ओळीत, माझ्या बरोबर समोर. तो म्हणाला, "का हो मामा?" मी म्हणालो, मला चक्कर येते, समोर ओळखीचं तोंड लागतं. त्याला पटलं. माझ्या भित्रेपणाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

परवाच्या रविवारी क्लबात हेच म्हणून बघितलं. पहिल्या ओळीत एक खुर्ची रिकामी ठेवायला लावली आणि तिच्याकडं बघून बोललो. हळू, एकेक शब्द. हातही मोकळे सोडले. पाचव्या वाक्यालाच लाल कार्ड वर. अनिलरावांनी उभं राहून चुका सांगितल्या. "काका, गती फार कमी. हात पुन्हा सुटले. आणि तुम्ही श्रोत्यांशी बोलतच नव्हता, एका खुर्चीशी बोलत होता. आपण इतक्या वेळा सांगतोय." शोभाबाई म्हणाल्या, चौदा. अडतीसाचे चौदा झाले, तेही कोणाच्या ध्यानात आलं नाही. स्कूटरवर तन्वी विचारते, "आबा, तुम्ही स्लो मोशनमध्ये का बोलत होता?"

काय सांगणार? तीन महिने दर रविवारी जातोय. जे जमतं ते त्यांना चालत नाही, जे त्यांना चालतं ते मला जमत नाही. अन् खरं कारण सांगायची सोय नाही. जीव नुसता चिडचिडतो. घरी येऊन तन्वीवर ओरडलो, मग तिच्यासाठी कोपऱ्यावरून समोसे आणले.

तू पाठ कर. चुलीपुढं बसून कर, म्हणजे चांगलं होतं.

अंबाजी


अंबरपेठ
२० मे २०२४

अक्का,

सुखरूप पोहोचलो. निशिगंधानं दिलेल्या शेंगाचटणीचं तेल पिशवीत सांडलं, पण पोहोचलो.

मांडवात काय झालं ते तू पाहिलंस. पण ऐकलं नाहीस. म्हणून काय ऐकू आलं ते लिहितो.

पहिल्यांदा माइक शिट्टीसारखा वाजला. मग माझा आवाज आला. बेगम बाजारात जो तीन दुकानं जायचा तो कुठं गेला देव जाणे, कोकराएवढा निघाला. मागं लोक बोलतच होते. आचाऱ्याची पातेली वाजत होती. कोणी तरी कोणाला तरी "अरे, वाढपी किती आले" असं विचारत होतं. मी भिंतीकडं बघितलं नाही, तुझ्याकडंच बघत पाच वाक्यं बोललो. सहावं गेलं.

त्या वेळी तुला वाटलं असेल, मी थांबलो ते जरा दम घ्यायला. नाही, ते गेलंच होतं. कोणी तरी म्हणालं, "पाणी द्या रे मामांना." एक पोरगी हसली. मला साठ सालचा चौथरा दिसायला लागला आणि कुठून उडी मारायची ते मी शोधत होतो.

मग तुझे ओठ हलले.

तुला वाटत असेल, नुसते ओठ हलले. अक्का, तू मोठ्यानं बोललीस. मी माप घालताना ओरडायचो तेवढ्या मोठ्यानं. तुला स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून कळलं नाही. सगळ्या मांडवानं ऐकलं. "अक्का चौथीत पहिली आली, आणि त्याच वर्षी तिला शाळेतून काढलं, कारण मला सांभाळायला घरात कोणी नव्हतं." शब्द न शब्द मी लिहिला होता तसा.

हे वाक्य मी बोललो असतो तर लोकांनी माना डोलावल्या असत्या. ते तुझ्या तोंडून आलं, आणि पातेली वाजायची थांबली. मग सातवं मी बोललो आणि तूही बोललीस. आठवंही. अकराव्यापर्यंत आपण दोघं बरोबर बोललो. तू माझ्या अर्धा शब्द पुढं होतीस. लहानपणीही तू घाई करायचीस.

मी शपथ मोडली नाही. पण स्टेशनवर सोडताना युवराज गाडी बाजूला घेऊन थांबला. म्हणाला, "मामा, आईला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. हो ना?" मी पिशवी मांडीवर घेतली. तो म्हणाला, "मी रोज एवढं बोलतो तिच्याशी," आणि पुढं त्याला बोलता येईना. ते मला नवीन नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आता क्लबाचं. तन्वीनं मोबाइलवर सगळं टिपलं होतं, काल तिनं ते तिथं दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनिलरावांच्या वहीत माझं अजून एकही भाषण पुरं धरलेलं नव्हतं; मला वाटलं, आता माझ्या पहिल्या भाषणापुढं बरोबरची खूण होणार. तर अनिलराव म्हणाले, "काका, प्रसंग हृद्य आहे. पण नियमानं हे भाषण धरता येणार नाही. समोरून कोणी तरी सांगत होतं ना."

माझं डोकं फिरलं. उठलो. म्हणालो, साहेब, हेच बोलून एका हेडमास्तरांनी माझ्या बहिणीला बाहेर काढलं होतं. पुढं काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. चुलीचं बोललो, पिठाच्या हाताचं बोललो, दाराआडचं बोललो. ती खुर्ची कोणाची होती तेही सांगितलं. युवराजलाच कळलंय, आता लपवून काय करायचं? हात कुठं कुठं गेले मला माहीत नाही. खाली बसलो तेव्हा कार्डवाल्याच्या हातातली तिन्ही कार्डं उलटीच होती. शोभाबाईंचा चमचा टेबलावर पडलेला. तन्वी म्हणाली, "आबा, नऊ मिनिटं."

अनिलरावांनी वही पुढं ओढली, पेन उघडलं. मग म्हणाले, "काका, हे धरू." मी म्हणालो, नको. रागात बोललेलं कसलं धरता? माझं पहिलं भाषण अजून बाकीच ठेवा.

म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा जावं लागणार. कशाला नको म्हणालो, असं रात्रभर वाटत राहिलं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. तू मांडवात एवढ्या मोठ्यानं सांगत होतीस, आणि तुला कोणीही बाहेर हो म्हणालं नाही.

अंबाजी

ता.क. युवराज लातूरला चल म्हणेल. जा. त्याच्याशी भांडू नको. यंत्र बसव. पण पत्रं बंद करू नको. फोनवर मला अजून बोलता येत नाही.